जामीन मंजूर झाल्यानंतरचे बावीस दिवस

२८ जानेवारी २०२५ रोजी दुपारी मला एका अनोळखी क्रमांकावरून फोन आला. बोलणाऱ्या बाई जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या विधी स्वयंसेविका होत्या आणि नुकत्याच जिल्हा कारागृहातून बाहेर पडल्या होत्या. "साखरशाळेचे गुरुजी तुम्हीच का?" असे त्यांनी विचारले. साखरशाळा बंद पडून आणि मला निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली असल्यामुळे त्या नावाने कोणी हाक मारील अशी मला अपेक्षा नव्हती. त्यांनी सांगितलेली हकिगत थोडक्यात अशी होती : आत एक तरुण आहे, त्याला जामीन मंजूर होऊन अकरा दिवस झाले आहेत, जामीनदार मिळत नाही म्हणून तो अजून आतच आहे, आणि या भागात तुझ्या ओळखीचे कोण, असे विचारल्यावर त्याने एकच नाव सांगितले आहे.

मुलगा मला आठवत होता. त्याचे आईवडील दरवर्षी बीडकडून आमच्या भागात ऊसतोडीला येत, आणि कारखान्याच्या तळावर चटयांच्या आडोशाने उभारलेल्या शाळेत तो दोन हंगाम माझ्याकडे होता. वाचनात तो यथातथाच होता, पण वजनकाट्याची पावती हातात आली की किती टन भरले आणि बापाच्या नावावर किती रुपये पडले याचा हिशेब तो तोंडी करीत असे, आणि मुकादमाच्या वहीतला आकडा जुळला नाही तर तसे सांगतही असे. आता तो स्वतः बायकोबरोबर कोयता घेऊन त्याच तळावर येत होता.

दुसऱ्या दिवशी मी तालुका न्यायालयात जाऊन त्याच्या वकिलांना भेटलो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, आणि त्याप्रमाणे त्याला एक तरुण वकीलबाई मिळाल्या होत्या. त्यांनी फाईल माझ्यापुढे ठेवली. एका शेतकऱ्याच्या विहिरीवरच्या पाणबुडी मोटारीची तांब्याची केबल ७ जानेवारीच्या रात्री चोरीस गेली होती आणि ८ तारखेच्या रात्री तळावरून याला अटक झाली होती. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ (२) खालचा गुन्हा, म्हणजे जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा. इतक्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक न करता आधी नोटीस देऊन बोलवावे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावले आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्येही तीच तरतूद आहे. मात्र अटक का आवश्यक आहे याची कारणे लिहून ठेवली तर अटक करता येते, आणि येथे कारण लिहिलेले होते : आरोपीस कायमचा स्थानिक पत्ता नाही, तो निघून जाण्याची शक्यता आहे. ऊसतोड कामगाराच्या बाबतीत हे वाक्य नेहमीच खरे असते.

बाकीच्या कागदांत मला खोट काढता आली नाही, आणि हे मी मुद्दाम नोंदवतो आहे. अटकेची कारणे त्याला मराठीत लेखी दिलेली होती. बायकोकडे फोन नसल्याने मुकादमाच्या फोनवर निरोप दिल्याची वेळ लिहिलेली होती. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ प्रमाणे चोवीस तासांच्या आत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे केले होते, मारहाणीबद्दल काही तक्रार आहे का असे विचारले होते आणि त्याने नाही म्हटले होते. एक दिवसाचा पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी झाली, १० तारखेला एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी झाली आणि १७ जानेवारीला जामीन मंजूर झाला. नागरिकशास्त्राच्या तासाला मी मुलांना जेवढे हक्क शिकवीत होतो तेवढे सगळे त्या फाईलमध्ये तारखेनिशी सापडत होते. तरीही तो आत होता.

जामिनाचा आदेश चार ओळींचा होता, आणि त्यातली अडचण एका ओळीत होती : "रु. २५,००० चा जातमुचलका व तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार." जातमुचलका म्हणजे आरोपीने स्वतः लिहून द्यायचे वचन. त्याला सहीशिवाय काही लागत नाही. जामीनदार म्हणजे ते वचन मोडल्यास आपल्या खिशातून पैसे भरीन असे लिहून देणारा दुसरा माणूस, आणि 'सक्षम' म्हणजे त्याचा खिसा कागदावर दिसला पाहिजे. तीन दशके शिक्षकी करूनही मी जामीन म्हणजे रोख रक्कम भरणे असेच समजत होतो, आणि माझ्या ओळखीचे बहुतेक लोक अजूनही तसेच समजतात.

त्याचा भाऊ बीडहून येऊन गेला होता. त्याच्या नावावर एक एकर कोरडवाहू जमीन होती, आणि त्याने पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा सातबाराही काढून आणला होता. परंतु जमीन दुसऱ्या जिल्ह्यातली असल्याने तिकडच्या तहसीलकडून पडताळणी अहवाल मागवण्याचा आदेश झाला. ज्या उताऱ्यावरचा चौकोनी कोड मोबाईलने तपासता येतो त्याची पडताळणी टपालाने व्हायची होती, आणि तोवर थांबायला भावाला हंगामात सवड नव्हती. एका गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार सांगून, त्याच्या भावाची मालमत्ता शेजारच्या जिल्ह्यात आहे म्हणून तो जामीन नाकारल्याचे मोतीराम प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे १९७८ मध्ये आले होते. न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडण्याचा आदेश देताना आपल्याच देशातला माणूस परजिल्ह्यातला म्हणून परका कसा, अशा अर्थाचा प्रश्न विचारला होता. वकीलबाईंनी हा निर्णय मला फाईलमधून काढून दाखवला. तो त्यांच्या अर्जाला जोडलेला होता, आणि अर्जावर 'सरकार पक्षाचे म्हणणे मागवावे' असा शेरा होता.

मुकादमाने सरळ नकार दिला होता. नवराबायकोने त्याच्याकडून दीड लाखाची आगाऊ उचल घेतलेली, हंगामाच्या ऐन मध्यावर नवरा आत बसलेला, आणि त्यावर पुन्हा मुकादमाने आपली जमीन अडकवायची, हे त्याच्या हिशेबात बसत नव्हते. त्याचा मला रागही आला नाही.

आवारातल्या लिंबाखाली एक गृहस्थ रोज बसत. स्वच्छ पांढरा सदरा, हातात प्लास्टिकची फाईल. मी दुसऱ्यांदा दिसल्यावर ते आपणहून जवळ आले आणि म्हणाले, "गुरुजी, कशाला त्रास घेता? चार हजार द्या, उद्या माणूस बाहेर." त्यांच्या फाईलमध्ये चार-पाच सातबारे होते, प्रत्येक वेगळ्या नावाचा. ज्याला कोणी ओळखत नाही त्याच्यासाठी हा भाड्याचा जामीनदार उभा राहतो, आणि तो पकडला जावा म्हणून न्यायालय खऱ्या जामीनदाराचे कागद अधिक काटेकोर तपासते. म्हणजे खोट्याचा भुर्दंड खऱ्याने भरायचा. मोहाचा एक क्षण माझ्याही मनात येऊन गेला, हे मी लपवीत नाही.

तेव्हा जामीनदार मीच व्हायचे ठरवले, आणि येथून माझी स्वतःची परीक्षा सुरू झाली. माझी शेती वडिलोपार्जित, सातबाऱ्यावर माझ्यासह धाकट्या भावाची आणि दोन बहिणींची नावे. सामाईक खाते चालणार नाही, सर्वांची संमती लागेल, असे कळले. निवृत्तिवेतनाचे कागद पुढे केले, तर पेन्शनवर जप्ती आणता येत नसल्याने ती ऐपत म्हणून धरत नाहीत, असे वकीलबाई म्हणाल्या. ऐपतीच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात गेलो, तर तलाठ्याचा अहवाल येऊन तहसीलदारांची सही होईपर्यंत दोन-तीन आठवडे धरून चाला, असा सल्ला मिळाला. राहिले घर. पण घर पतसंस्थेच्या कर्जाच्या वेळी बायकोच्या नावावर केलेले, नगरपरिषदेचा मालमत्ता उताराही तिचा आणि घरपट्टीची पावतीही तिचीच. ज्या माणसाला आत बसलेल्या मुलाने या भागातला एकमेव आधार म्हणून सांगितले होते, तो कागदावर पंचवीस हजारांचाही धनी नव्हता.

संध्याकाळी मी हे घरी बायकोला सांगितले. ती भाकरी थापीत होती. तिने हात न थांबवता विचारले, "घरावर बोजा चढेल का?" मी म्हणालो, तो तारखांना हजर राहिला तर काही होणार नाही. "आणि नाही राहिला तर?" मग मी वकीलबाईंनी सांगितलेले जसेच्या तसे सांगितले : मुचलका जप्त होतो, जामीनदाराला नोटीस येते, पैसे भरावे लागतात, आणि ते वसूल झाले नाहीत तर जामीनदाराला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगात ठेवण्याचीही तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९१ मध्ये आहे. तिने भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "अहो, त्याने ती केबल चोरली का?" मला माहीत नव्हते. आजही नाही. मी त्याला कधी विचारले नाही, कारण जामीन त्या प्रश्नाचे उत्तर नसतो. खटला व्हायचाच आहे. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "कागद काढून ठेवा."

३ फेब्रुवारीला आम्ही कागद दाखल केले : मालमत्ता उतारा, चालू वर्षाची घरपट्टीची पावती, आधार, शिधापत्रिका, दोन छायाचित्रे आणि आजवर आपण किती जणांना जामीन राहिलो याचे प्रतिज्ञापत्र. शिरस्तेदारांनी सगळे नीट पाहिले आणि पावतीवरचे नाव 'सौ.' सकट आहे, आधारवर नुसते आहे, एवढेच काढले. त्यासाठी आणखी एक प्रतिज्ञापत्र झाले. पुढचे दोन दिवस न्यायालयापुढे इतके काम होते की आमचा पुकाराच झाला नाही. या काळात मी वकीलबाईंकडून एक गोष्ट समजून घेतली, ती लिहून ठेवण्यासारखी आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी अशा अडकलेल्या कैद्यांसाठी काही निर्देश दिले. त्यांनुसार जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृहात जावा, सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे, महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालयाने आपणहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा, आणि जामीनदार स्थानिकच हवा असा आग्रह धरू नये. त्यातला सात दिवसांचा निर्देश पाळला गेला म्हणून तर मला फोन आला होता. २०२३ मध्येच केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली असून तीत तेव्हा जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत मदत मिळू शकत होती. त्यासाठीचा अर्जही कारागृहातून गेला होता, परंतु जिल्ह्याच्या समितीची बैठक अजून व्हायची होती.

६ तारखेला, गुरुवारी, दुपारी साडेचारला पुकारा झाला. माझी बायको आयुष्यात प्रथमच न्यायालयात उभी होती. न्यायाधीशबाईंनी विचारले, "आरोपीला किती वर्षांपासून ओळखता?" ती म्हणाली, "तो नऊ वर्षांचा होता तेव्हापासून." "नातं काय?" ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "नातं नाही. ह्यांच्या शाळेत होता. थंडीत आमच्याकडे जेवायला यायचा." "तो पळून गेला तर पंचवीस हजार भरावे लागतील, कळतंय ना?" "कळतंय." न्यायाधीशबाईंनी क्षणभर कागदावरून नजर वर केली, मग सही केली. जेमतेम तीन मिनिटे लागली.

बाहेर आल्यावर आम्हाला वाटले की काम झाले. सुटकेचा आदेश शुक्रवारी सकाळी मी स्वतः पन्नास किलोमीटर जाऊन कारागृहाच्या दारात उभा असताना वाचला गेला, आणि आतून निरोप आला की नाव जुळत नाही. आदेशात त्याच्या वडिलांच्या नावाला 'राव' लावलेले होते, कोठडीच्या वॉरंटावर ते नव्हते. लिहिणाऱ्याने आदराने लावले असावे. अंमलदार माझ्याशी सौजन्याने बोलले, पण चुकीचा माणूस सोडला गेला तर आपली नोकरी जाईल, असे त्यांनी सांगितले आणि ते खरेच होते. मी परत तालुक्याला आलो, चार वाजता दुरुस्त आदेश मिळाला, तो पोचेपर्यंत संध्याकाळची बंदी, म्हणजे कैद्यांना बरॅकमध्ये कोंडणे, झालेली होती. शनिवारी, ८ फेब्रुवारीला सकाळी तो बाहेर आला. जामीन मंजूर झाल्यापासून बावीस दिवस झाले होते. हातात कापडी पिशवी, पायांत कोणाच्या तरी मोठ्या मापाच्या चपला. वाकून नमस्कार केला आणि पहिला प्रश्न विचारला, "गुरुजी, तोड कुठवर आली?"

एसटीत तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने सांगितले की बरॅकमधले जुने लोक त्याला रोज एकच सल्ला देत : कबूल करून टाक. चोरीला दोन-तीन महिने लागतील, आतले दिवस त्यातून वजा होतील, आणि जामीनदार शोधण्यापेक्षा लवकर सुटशील. कोठडीत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६८ प्रमाणे अगदी बरोबर आहे. कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही, असे राज्यघटनेचा अनुच्छेद २० सांगतो, आणि येथे त्याच्यावर कोणी सक्ती केलीही नव्हती. "मी म्हणणारच होतो, पुढच्या तारखेला," तो म्हणाला. मी त्याला वकीलबाईंनी दाखवलेली आणखी एक गोष्ट सांगितली : चोरीचा माल पाच हजारांपेक्षा कमी किमतीचा असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने माल परत केला असेल, तर नव्या न्याय संहितेत शिक्षा म्हणून समाजसेवा आहे, आणि मुळात असा गुन्हा जामीनपात्रच असतो. पंचनाम्यात केबलची किंमत अठरा हजार लिहिली होती. ती नव्या केबलची किंमत होती की विहिरीवर पडून असलेल्या जुन्या केबलची, हा प्रश्न साक्षीच्या वेळी निघेल. तो बोटांवर काहीतरी मोजू लागला. मीटर आणि किलो, असे मला ऐकू आले.

३१ डिसेंबर २०२२ च्या अधिकृत आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते आणि त्यांतले ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे दोषी न ठरलेले. हा आकडा मी पूर्वी वाचला असता तर खटले लांबतात म्हणून एवढे लोक आत आहेत, असे समजून पान उलटले असते. त्यांतल्या किती जणांना जामीन मंजूर झालेला होता हे त्या आकड्यावरून कळत नाही.

गोष्ट तिथे संपली नाही. मार्चमध्ये दोषारोपपत्र दाखल झाले, उन्हाळ्यातल्या आणि पावसाळ्यातल्या तारखांना तो बीडहून रात्रीच्या एसटीने येई, आमच्या पडवीत झोपे आणि सकाळी दहाला न्यायालयात हजर असे. नोव्हेंबरात नवा हंगाम लागला. या वेळी त्याची टोळी दूरच्या कारखान्यावर गेली होती, आणि तारखेसाठी एक दिवस मागितला तर मुकादम खाडा धरून दुप्पट पैसे कापतो म्हणून तो आला नाही. त्याच्या नावाने बिगरजामिनी वॉरंट निघाले आणि माझ्या बायकोच्या नावाने नोटीस : मुचलक्याची रक्कम का वसूल करू नये याचा खुलासा करावा.

आम्ही दोघे पुन्हा गेलो. मी त्याला आदल्या रात्री फोनवर खूप बोललो होतो आणि तोही आला होता, डोळे लाल, अंगावर पाचटाचे ओरखडे. वकीलबाईंनी अर्ज दिला, दोनशे रुपये भरून वॉरंट रद्द झाले, नोटीस मागे घेण्यात आली. पायऱ्या उतरताना बायकोने वकीलबाईंना विचारले, "यातून मोकळं होता येतं का हो?" त्या म्हणाल्या, "येतं. अर्ज केलात तर मोकळ्या व्हाल. मग त्याला लगेच दुसरा जामीनदार द्यावा लागेल, नाही मिळाला तर पुन्हा आत जाईल." तो चार पायऱ्या खाली उभा होता, त्याने ऐकले असावे, कारण तो दुसरीकडे पाहू लागला. बायको काही बोलली नाही. तिने पिशवीतून दुधाच्या हिशेबाची वही काढली, वकीलबाईंना पुढची तारीख विचारली आणि वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतली.